समेच्या अलीकडे

थोआ गेली तेव्हा सांस्कृतिक केंद्रातल्या साहेबांनी भाषण केलं. त्यात ती गीतकार होती, दिग्दर्शिका होती, ज्येष्ठ रंगकर्मी होती. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. सगळं खरंच होतं. नदीकाठच्या गावांत साठीच्या पुढची अशी बाई सापडायची नाही, जिला थोआचं एक तरी गाणं पाठ नाही. तिची नाटकं रेडिओवर लागायची. युद्ध संपल्यावर सरकारी मंडळीतून तिला बोलावणं आलं. टीव्हीनं आमचे तंबू ओस पाडले, तेव्हाही ती चार मुली गोळा करून त्यांना शिकवत बसायची. पण ती हट्टी किती होती, हे साहेबांनी सांगितलं नाही, कारण त्यांना ते माहीत नव्हतं. मला माहीत आहे. तिच्या हट्टापायी माझी हक्काची टाळी गेली होती.

मी लिएन. सोनेरी बगळा नाटकमंडळीत मी आईची कामं करायचे. तिशी गाठायच्या आतच आईची कामं, कारण माझा आवाज जाड आणि अंगही आवाजाला शोभेलसं. नायिका व्हायला कंबर लागते, असं आमचे मालक खांग म्हणायचे आणि माझ्याकडे बघून स्वयंपाकिणीला भात कमी वाढायला सांगायचे. मी मुद्दाम दुप्पट घ्यायचे.

मंडळी दोन मोठ्या होड्यांतून फिरायची. एका होडीत पडदे, पेट्या, दिवे आणि नटांच्या आद्यगुरूंचा देव्हारा. दुसरीत माणसं, चुली, लेकरं आणि भांडणं. बाजाराच्या घाटाला होडी लागली की ढोल पिटत गावात फिरायचं आणि संध्याकाळी तंबूत नाटक. दोन-तीन दिवसांनी पुढचं गाव. मला भात वाढणारी ती स्वयंपाकीण म्हणजे थोआची आई. थोआ तिच्या हाताखाली मासे साफ करत, तांदूळ निवडत मोठी झाली. शाळेत गेली ती जेमतेम लिहावाचायला येईपर्यंत.

आमच्याकडे नवं नाटक बसवायला आठवडासुद्धा मिळायचा नाही. सगळं पाठ करायला वेळ कुणाला? म्हणून विंगेत एक माणूस संहिता घेऊन उभा राहायचा, वाक्य हळूच पुरवायचा आणि नट ते उचलून मोठ्यानं म्हणायचा. आमच्या जुन्या प्रॉम्प्टरला मोतीबिंदू झाला तेव्हा त्याच्या जागी थोआ उभी राहिली. सोळा-सतरा वर्षांची पोर. आवाज असा की रंगमंचावर ऐकू येईल आणि पहिल्या रांगेत येणार नाही.

आमचा नायक तुआन खे दिसायला राजबिंडा आणि डोक्यानं रिकामा. कानात येईल ते तो म्हणून टाकायचा. एकदा विरहाच्या प्रसंगात नायिकेचा पदर कंदिलाला लागत होता. थोआ विंगेतून कुजबुजली, "तिला सांग, डावीकडे सरक, पेटशील." तुआन खेनं छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि गळा काढून म्हणाला, "प्रिये, डावीकडे सरक, पेटशील." नायिका हुंदका देत डावीकडे सरकली. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. दुसऱ्या दिवशी मालकांनी ते वाक्य नाटकात कायमचं घालायला सांगितलं.

थोआनं लिहायला सुरुवात केली ती अशीच, उभ्या उभ्या. नट अडकला, संहितेचं पान सापडेनासं झालं, की ती आपल्या मनचं वाक्य पुरवायची. पुढे गाण्याच्या ओळीही. आमच्या चाली जुन्या, ठरलेल्या. त्यांत नवे शब्द बसवायचे. आमच्या बोलीत शब्दांनाच चढउतार असतात, त्यामुळे सूर खाली आणि शब्द वर गेला तर ऐकणारा फिदीफिदी हसतो. थोआ चुलीपाशी बसून, मातीच्या भांड्यातले मासे आटेपर्यंत, गुणगुणत शब्द बसवायची. मासे कधी करपले नाहीत आणि शब्द कधी घसरले नाहीत. मालक चाणाक्ष. त्यांनी तिच्याकडून नाटकंच लिहून घ्यायला सुरुवात केली. बसवायचीही तीच. गावात लावायच्या पाटीवर मात्र ठसठशीत अक्षरांत असायचं: मालक खांग यांची नवी रचना.

"तुला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"येतो," ती म्हणाली. "पण हातचं काम संपू दे, मग करीन राग."

तिनं तो राग केला सदुसष्ट साली, सा देक गावच्या मुक्कामात.

नाटक होतं होडीवाल्या बाईचं. नदीवर लोकांना पैलतीरी नेणारी विधवा, एकुलता एक मुलगा फौजेत. तिसऱ्या अंकात एक शिपाई तिच्या होडीत बसतो आणि मुलगा गेल्याची बातमी सांगतो. होडीवाली मी. थोआनं मला आठवडाभर पहाटे उठवून खऱ्या होडीवर उभं केलं आणि दोन्ही वल्ही मारायला लावली. हाताला फोड आले. मी म्हटलं, "बाई गं, नाटकात पाणी निळ्या कापडाचं आहे."

"पाणी कापडाचं असू दे. खांदे खरे पाहिजेत, लिएनताई."

इतपत मी सोसलं. पण बातमीच्या प्रसंगाची तालीम सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या नाटकाचा प्राण म्हणजे वाँग को हा दुःखाच्या गाण्याचा प्रकार. दुःखाच्या ठिकाणी गाणारी आधी बिनठेक्याची लांबलचक ओळ घेते. शब्द एकामागून एक वर चढत जातात, सगळा तंबू श्वास रोखून बसतो, आणि मग आवाज अलगद खाली उतरून समेवर येतो. त्याच क्षणी वाजवणारा पायाखालच्या लाकडी ठोकळ्यावर ठोका देतो आणि तंबू फुटेल अशी टाळी पडते. लोक त्या उतरण्यासाठी येतात. नटी त्यासाठी जगते. नायिकेला प्रेमपत्रं मिळतात, हार मिळतात; आईचं काम करणारीला ही एक टाळी मिळते.

"इथे तू वर चढत जायचंस," थोआ म्हणाली, "आणि थांबायचंस."

"सम पुढच्या ओळीत आहे?"

"पुढे ओळच नाही. सम नाही. थांबायचं, शिपायाला विचारायचं 'जेवलास का?' आणि चुलीकडे वळायचं."

मी आमच्या साउकाकांकडे बघितलं. काका तंतुवाद्य वाजवायचे. भल्याभल्या गायकांना त्यांनी समेवर उतरवलं होतं. त्यांनी विडी विझवली. "आणि वाजवणाऱ्यानं काय करायचं?"

"ठोक्यासाठी पाय उचलायचा आणि तसाच वर ठेवायचा."

"पेटका आला तर?"

"आला तर आला, काका."

मी भडकले. "थोआ, तुला गाता येत नाही म्हणून माझं गाणं कापतेस का? लोक मला चपला मारतील. आणि मारल्याच पाहिजेत."

ती चिडली नाही. तेच तर चीड आणणारं होतं. होडीच्या काठावर बसली आणि म्हणाली, "माझा मोठा भाऊ तांदळाच्या होडीवर कामाला होता, तुला माहीत आहे. तू मंडळीत यायच्या आधी गेला तो. बातमी घेऊन माणूस आला तेव्हा आई चुलीपाशीच होती. तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता रडेल, किंचाळेल. तोंड नुसतं उघडं राहिलं. मग मिटलं. मग त्या माणसाला विचारलं, जेवलास का, आणि त्याला भात वाढला. ती अजून रडलेली नाही, ताई. मी इतकी वर्षं विंगेतून बघते. तुम्ही सगळ्या किती सुंदर रडता, समेवर येता, लोक टाळ्या वाजवतात आणि मोकळे होऊन घरी जातात. माझी आई कधी समेवर आलीच नाही. तिच्यासारख्या बायकांना आपल्या नाटकात जागाच नाही का?"

पलीकडे तिची आई भाताचं भांडं घासत होती. मी म्हटलं, "बघू." पण मनात म्हटलं, हे काही चालायचं नाही.

मालकांनी तालीम बघितलीच नव्हती. पहिल्या खेळाला त्यांनी ते लोकांबरोबरच बघितलं. मी चढत गेले, चढत गेले, तंबूत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि मी थांबले. शिपायाला विचारलं, "जेवलास का?" लोकांना वाटलं, बाई विसरली. मग कळलं, की विसरली नाही. मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. पुढच्या रांगेत एक धिप्पाड मासेवाली होती, गाम तिचं नाव. सगळा बाजार तिला वचकून असायचा. ती उभी राहून ओरडली, "अगं ए, उतर की खाली. वर कशाला टांगून ठेवलंस आम्हाला?" केळीच्या पानांत बांधलेल्या भाताच्या पुड्या रंगमंचावर येऊन पडल्या. एक माझ्या कपाळावर बसली.

मालकांनी रात्री आकाशपाताळ एक केलं. आधी त्यांनी दोन्ही होड्या झाडून घेतल्या, कुणी थीचं फळ आणलं का ते बघायला. हे पिवळं, घमघमणारं फळ मंडळीत आणायचं नाही असा आमच्यात कडक नेम, कारण त्याच्या वासानं आद्यगुरू भुलतात आणि नटांना वाऱ्यावर सोडून फळामागे जातात. फळ काही सापडलं नाही. तुआन खेच्या पेटीत एका बाईचा फोटो सापडला आणि तिथे वेगळंच भांडण सुरू झालं. मग मालक थोआकडे वळले.

"लोक तिकीट कशाचं काढतात? समेचं. बाकीचं नाटक त्यांना फुकट असतं. उद्या त्या जागी सहा ओळी पाहिजेत, रडवणाऱ्या."

"मी लिहिणार नाही."

"मग मी लिहितो. नाहीतरी पाटीवर नाव माझंच आहे."

त्यांनी जुन्या नाटकातल्या सहा ओळी उचलल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या गायले. समेवर अशी उतरले की बास. टाळी थांबेना. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही; टाळी ती टाळी. पण टाळी चालू असतानाच मी विंगेत बघितलं. थोआनं संहिता मिटली, पेटीवर ठेवली आणि ती तंबूच्या मागच्या बाजूनं बाहेर गेली.

अजून अख्खा चौथा अंक बाकी होता.

तुआन खे रंगमंचावर आला, विंगेकडे कान लावला, तर तिथे कुणी नाही. मग त्याला आठवेल ते तो म्हणू लागला. आधी त्यानं एका राजपुत्राचं भाषण म्हटलं. मग मला, म्हणजे होडीवाल्या म्हातारीला, "प्रिये" म्हणाला. शिपाई घाबरून मरायच्या आधीच मेला. साउकाका काय वाजवावं ते न कळून लग्नाची चाल वाजवत राहिले. मालक विंगेत पानं उलटत होते, पण त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा होडीत होता. लोक हसून हसून बाकांवरून पडले. शोकांतिकेला इतकं हसलेलं मी पुन्हा बघितलं नाही.

थोआ घाटाच्या पायरीवर बसली होती. मालक तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"माझ्या मंडळीची अब्रू घालवलीस. तुला भाकरतुकडा कुणी दिला लहानपणापासून?"

"आईनं," थोआ म्हणाली. "आणि तुम्हालाही तिनंच दिला. मालक, मी सोडून जात नाही. उद्या इथला शेवटचा खेळ आहे. मी लिहिलंय तसा होऊ दे. लोक उठून गेले तर मी पुन्हा लेखणी धरणार नाही. विंगेत उभी राहीन, तुमची वाक्यं पुरवीन, मरेपर्यंत."

"आणि नाही उठले तर?"

"तर पाटीवरचं नाव पुसायचं आणि माझं लिहायचं. या नाटकापासून पुढे सगळ्या पाट्यांवर."

मालक हसले. त्यांना हा सौदा फायद्याचा वाटला. मलाही तसंच वाटलं. होडीत परतताना मी तिला म्हटलं, "वेडी आहेस. एका ओळीसाठी सगळं आयुष्य लावतेस डावावर."

"तू उद्या थांबशील ना, ताई?"

"नाही थांबले तर काय करशील?"

"काही नाही. गळा तुझा आहे."

ही असली उत्तरं द्यायची. माणसाला भांडायलाही जागा ठेवायची नाही.

तिसऱ्या दिवशी तंबू गच्च भरला. हसायला आलेले पुष्कळ होते. गाम मासेवाली पुढच्याच रांगेत होती. मालकांनी साउकाकांना बाजूला घेऊन बजावलं, "ती थांबली की तुम्ही ठोका द्या. ठोका पडला की तिला उतरावंच लागेल." काकांनी मान हलवली. मला ते ऐकू आलं आणि खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. चला, दोष काकांच्या माथी जाईल आणि टाळी मला मिळेल.

तिसरा अंक लागला. शिपाई होडीत बसला, बातमी सांगितली. मी ओळ घेतली. आवाज त्या दिवशी असा लागला होता की माझा मलाच विश्वास बसेना. मी वर चढत गेले, लोकांचे श्वास थांबलेले मला जाणवत होते, आता एकच शब्द, एकच उतार, आणि सगळा तंबू माझा. माझी नजर विंगेत गेली. थोआ संहितेकडे बघतच नव्हती. तिच्या शेजारी तिची आई उभी होती. स्वयंपाकघर सोडून ती कधी नाटक बघायला आलेली मला आठवत नाही. हातात पळी तशीच होती.

मी थांबले.

साउकाकांचा पाय वर उचललेला होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. पाय खाली आला नाही. त्यांनी हात पालथा करून तारांवर ठेवला, उरलेला नादसुद्धा बंद केला. मागून कुणीतरी ओरडलं, "उतर गं म्हातारे!" तशी गाम मागे वळली आणि म्हणाली, "गप्प बस. मुस्काट फोडीन." ती मोठ्यानंही बोलली नाही. तो गप्प झाला.

मी शिपायाला विचारलं, "जेवलास का?" आणि चुलीकडे वळले. पाठ लोकांकडे होती. मागे आवाज नाही. खोकला नाही, कुजबुज नाही, बाक सरकल्याचा आवाज नाही. टाळी तर नाहीच. मी लटक्या चुलीत लटकी फुंकर घालत होते आणि माझ्या डोळ्यांतून खरं पाणी गळत होतं. ते लोकांना दिसत नव्हतं, याचंही मला थोडं वाईट वाटलं.

चौथा अंक झाला. पडदा पडला. तरी टाळी नाही. मी विंगेत आले तर मालक डोक्याला हात लावून बसले होते. "संपलं," ते म्हणाले. "मयताच्या घरी नाटक केल्यासारखं झालं." मग त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं आणि तसेच बघत राहिले. लोक बसलेले होते. कुणी उठलं नव्हतं. बायका मांडीवरच्या पोरांना थोपटत, समोरच्या बंद पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

मग एकेक जण उठून मुकाट्यानं निघाला. गाम मात्र बाहेर गेली नाही. ती सरळ पडद्यामागे आली. मालकांनी मला पुढे ढकललं, बहुधा मार खायला.

"हे कुणी लिहिलं?" गामनं विचारलं.

इतक्या वर्षांची सवय. मालक पुढे झाले, सदऱ्याची बटणं लावली. "मी. मालक खांग."

गामनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं कोण गेलं?"

मालकांनी तोंड उघडलं. मग ते बाजूला झाले. "मी नाही लिहिलं," ते म्हणाले. "हिनं लिहिलंय."

गाम थोआसमोर उभी राहिली. पहिल्या दिवशी तंबू डोक्यावर घेणारी ती बाई इतकं हळू बोलली की आम्हाला जवळ सरकावं लागलं.

"परवा मीच ओरडले तुमच्यावर. घरी गेले, तर झोपच येईना. माझा मुलगा गेला तेव्हा मला रडू आलं नाही. सकाळी टोपली उचलली आणि बाजारात जाऊन बसले. मासे विकले. लोक म्हणाले, ही आई नव्हे, दगड आहे. त्यांचं जाऊ दे." तिनं हात झग्याला पुसला. "इतकी वर्षं मलाही तेच वाटत होतं."

मग थोआची आई पुढे आली, पळी तिनं माझ्या हातात दिली, आणि गामला दंडाला धरून पेटीवर बसवलं. स्वतः तिच्याशेजारी बसली. आणि जी बाई आजवर रडली नव्हती, ती तिथे, कंदिलांच्या धुरात, एका परक्या मासेवालीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. थोआ हलली नाही. ती विंगेतच उभी राहून आईकडे बघत होती, आणि कुणाला काहीही पुरवत नव्हती.